पंधरा दिवसांचा हिशेब

फेब्रुवारीच्या पगाराची स्लिप आली की ऑफिसात दर वर्षी कुणीतरी विचारतंच, या महिन्यात शंभर रुपये जास्त का कापले? महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांचा व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये असतो, आणि वर्षाचे अडीच हजार पुरे व्हावेत म्हणून फेब्रुवारीत तो ३०० होतो. अकाउंट्समधला माणूस एवढं सांगतो आणि विषय संपतो. हा कर १९७५ साली बसवला कशासाठी, हे त्यालाही सहसा माहीत नसतं. तो रोजगार हमीसाठी बसवला होता. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला आलेल्यांना पुढेही काम मिळत राहावं म्हणून शहरातल्या नोकरदाराच्या पगाराला हात घालायची हिंमत तेव्हाच्या सरकारने केली, आणि कराइतकीच भर राज्याच्या तिजोरीतून घालायचं ठरवलं.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना तासगाव तालुक्यात विसापूरला १९६९ साली करून पाहिली होती. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यातली खरी गोम एका मुदतीत होती. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाही देता आलं तर भत्ता द्यायचा. केंद्राचा २००५चा कायदाही याच वाटेने गेला. पुढे योजनेत काय काय भानगडी झाल्या, हजेरीपटावर कोणकोणती नावं चढली, ते महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. पण एखाद्या आपत्तीनंतर राज्याने स्वतःलाच तारीख लावून घेतली, असं आपल्याकडे फार वेळा घडलेलं नाही.

हे आठवायचं कारण असं, की सध्या ‘बदलत्या नोकऱ्या आणि नवी कौशल्यं’ या विषयावर आपण बरंच बोलतो आहोत. कृत्रिम बुद्धिमत्ता, विजेवरच्या गाड्या, ऊस तोडणारी यंत्रं, सगळीकडून काम बदलतंय हे खरंच आहे. सरकारकडे योजनाही भरपूर आहेत. त्या एकेक करून पाहू लागलं की एक गोष्ट टोचत राहते. कौशल्याची ही सगळी व्यवस्था विशीतल्या पोरासाठी उभी केलेली आहे. धक्का मात्र चाळिशीतल्या माणसाला बसतो.

याचा सगळ्यात मोठा दाखला मुंबईतच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, नुसता विरत गेला. संपाचं राजकारण, बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेली मक्तेदारी, पुढे जमिनींचं काय झालं, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या मानाने एक साधा प्रश्न मागे पडला. वीस वर्षं साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, उभा राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय करू शकत होता?

तो अडाणी नव्हता. तुटलेला धागा चालत्या साच्यावर जोडणं, नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणं, ताण्याचा ताण बोटाला कळणं, हे दहा-पंधरा वर्षांत अंगात मुरलेलं कसब होतं. पण त्याला गिरणीच्या भिंतीबाहेर भाव नव्हता. कापड मुंबईबाहेर विणलं जातच होतं, भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत. तिथे यंत्रमागावर बारा तासांची पाळी होती, मजुरी मुंबईच्या निम्म्यालाही पोचत नव्हती, आणि प्रॉव्हिडंट फंडाचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणजे कसबाला गिऱ्हाईक होतं, पण माणूस जगेल एवढा दाम नव्हता. कोकणातले कोकणात गेले, घाटावरचे घाटावर. जे राहिले त्यांनी भाजीची गाडी लावली, कुरिअरची पाकिटं वाटली, सिक्युरिटीचा गणवेश चढवला. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला, कमला मिलच्या आवारात जाहिरात कंपन्या आणि हॉटेलं आली. तिथे नोकऱ्या भरपूर होत्या, फक्त त्यांना इंग्रजी आणि कॉम्प्युटर लागत होता. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातलं घर आठवा. त्या घरातल्या पोरांपैकी कुणालाही गिरणीच्या जागी दुसरं काही धरता येत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. १९८६ साली केंद्राने कापड कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. बंद गिरणीच्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत, असा तो उतरता जिना होता. कल्पना चांगलीच होती. तीन वर्षं हाताशी असली की माणूस काहीतरी शिकतो, कुठेतरी लागतो. अडचण अशी, की त्यासाठी गिरणी कायमची बंद झाल्याचा कागद लागायचा, आणि मुंबईतल्या कित्येक गिरण्या कागदावर बंदच झालेल्या नव्हत्या. भोंगा वाजत नव्हता, चिमणीतून धूर निघत नव्हता, पण दप्तरी गिरणी चालू! नंतर उदारीकरणाबरोबर १९९२ साली राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. कामगारांना सल्ला, नवं प्रशिक्षण आणि दुसरीकडे काम हा त्याचा उद्देश सांगितला होता. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक पैसे सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेले. माणसाला शिकवण्यापेक्षा चेक देऊन घरी पाठवणं केव्हाही सोपं.

त्या काळात खरोखर सावरल्या त्या बायका, आणि त्या सावरल्या सरकारी प्रशिक्षणाने नव्हे. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार ज्या खाणावळींत जेवायचे, त्या चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. तोवर या बायका सावकाराच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्या असत. मंडळाने त्यांना बँकेचं दार दाखवलं. गिरण्या थंडावल्या तेव्हा जेवणारे गेले, पण स्वयंपाकाचं कसब आणि बँकेतली पत या बायकांच्या हातात होती. मंडळ पुढे ऑफिसांना, समारंभांना जेवण पुरवू लागलं. पत, गिऱ्हाईक आणि पाठीशी उभी राहणारी संस्था या तीन गोष्टी असल्या की जुनं कसब नव्या बाजाराला लावता येतं. साचेवाल्याकडे तिन्हींपैकी एकही नव्हती.

आता ऊस घ्या. दसरा झाला की बीड, जालना, नगरच्या पूर्व पट्ट्यातून टोळ्या निघतात. ‘कोयता’ म्हणजे हत्यार, आणि ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडीसुद्धा. मुकादम विचारतो तेच मुळी किती कोयते आहेत म्हणून. हंगामाआधी उचल घ्यायची, पाच-सहा महिने फडात राबून ती फेडायची, फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधील राहायचं. या कामाचं कुणी कौतुक करू नये. पण ते लाखो माणसांचं काम आहे आणि ते हळूहळू यंत्राकडे चाललंय.

राज्याने २०२३ साली ऊसतोडणी यंत्रासाठी अनुदान जाहीर केलं, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यातलं जे कमी असेल ते. ते शेतकऱ्याला मिळतं, उद्योजकाला मिळतं, साखर कारखान्यालाही मिळतं. मजूर वेळेवर मिळत नाहीत, उचल घेऊन टोळी पळते, ऊस फडात वाळतो या तक्रारी खोट्या नाहीत, तेव्हा यंत्राला माझा विरोध नाही. मला प्रश्न पडतो तो शासन निर्णयाच्या दुसऱ्या बाजूबद्दल. एका यंत्रामागे ३५ लाख देताना, त्या यंत्राने जे कोयते बाजूला होणार त्यांच्यातल्या किमान दोघांना ऑपरेटर म्हणून तयार करा, एवढी अट घालायला काय हरकत होती? यंत्र चालवायला माणूस लागतोच. पाती बदलावी लागतात, हायड्रॉलिकचा पाइप भर फडात फुटतो, आणि रात्री दोनला मेकॅनिक येत नसतो. ही कामं फडातल्याच पोरांना शिकवण्यासारखी आहेत.

यंत्राची आणखी एक खोड शहरात बसून कळत नाही. त्याला रुंद सरी लागते, सपाट आणि मोठं रान लागतं, आडवा पडलेला ऊस त्याला नको असतो. त्यामुळे यंत्र आधी सोपे फड नेतं. लहान तुकडे, चढउताराची रानं, लोळलेला ऊस हे कोयत्याच्या वाट्याला उरतं. म्हणजे काम एकदम जात नाही. ते आधी अवघड होतं, दिवसाची कमाई कमी होते, उचल तेवढीच राहते, आणि मग ते जातं. पहिले काही हंगाम आकड्यांत रोजगार तसाच दिसतो, प्रत्यक्षात माणूस खचत असतो. अशा माणसाला ‘बेरोजगार’ म्हणून कुठलीच योजना ओळखत नाही.

इथे एक बरं काम झालंय आणि ते नोंदवायला हवं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून, अशी तरतूद झाली. कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. आई-बाप फडावर आणि पोरगी तालुक्याच्या शाळेत राहिली, तर कोयता त्या घरात तिथेच थांबतो. पण पुन्हा बघा, इथेही मदत पोचली ती पुढच्या पिढीला. आजच्या कोयत्याला हंगामापुरती पत नाही, शिकायला वाव नाही, मुकादमाशिवाय दुसरा दरवाजा नाही.

गोव्यात तर खाणींवरचं काम एका दिवसात गेलं. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मधे चालू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द ठरवल्यावर मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, सांगे, केपे भागात कर्ज काढून घेतलेले टिप्पर दारात उभे राहिले, नदीतल्या बार्ज ठप्प झाल्या. सरकारने कर्जसवलतीची योजना काढली आणि तिची गरजही होती. टिप्परचं कर्ज हलकं झालं तरी टिप्परवाल्याने पुढे काय करायचं याचं उत्तर त्या योजनेत नव्हतं.

पुण्याच्या बाजूला बदल इतका सरळ नाही, म्हणून तो जास्त पाहण्यासारखा आहे. आकुर्डीच्या ज्या कारखान्यातून बजाजची स्कूटर देशभर गेली तिथलं उत्पादन २००७ साली बंद झालं. जून २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना उभा राहिला. नाव तेच, गाव तेच. मधल्या पंधरा वर्षांत त्या गेटातून बाहेर पडलेले मात्र आत परतायच्या वयाचे राहिले नव्हते.

भोसरीत एका ओळखीच्या दादांच्या शॉपवर मी अधूनमधून जातो. शॉप त्यांचं नाही, ते तिथे सेटर आहेत. वय चव्वेचाळीस. सातारा जिल्ह्यातल्या आयटीआयमधून टर्नर झाले. त्यांच्या पहिल्या महिन्यांची गोष्ट ते रंगवून सांगतात. लोखंडाची पट्टी व्हाइसमध्ये धरायची, कानस घासायची, गुण्या लावून उजेडाकडे धरायची. कडेखालून उजेडाची रेघ दिसली की सर म्हणायचे, पुन्हा. दिवसच्या दिवस. पुढे लेथ आलं, मग कंपनीत सीएनसी. आता हँडल नाही, स्क्रीन आहे. प्रोग्राम कुणीतरी दिलेला असतो, टूलचा ऑफसेट टाकायचा, पहिला पीस काढायचा, मायक्रोमीटर लावायचा, दोन मायक्रॉन इकडेतिकडे करायचं. साधा ऑपरेटर बटण दाबतो आणि पीस मोजतो. दादा कान लावतात. इन्सर्ट झिजला की कापण्याचा आवाज बदलतो, तो त्यांना मापात फरक दिसायच्या आधी कळतो. हे त्यांना सीएनसीने शिकवलं नाही, लेथने शिकवलं.

त्या शॉपमध्ये इंजिनाच्या व्हॉल्व्ह गाइड बनतात. विजेवरच्या गाडीत व्हॉल्व्ह नसतात, म्हणून गाइड नसतात. पिस्टन नाही, रिंग नाही, सायलेन्सर नाही. शेठना हे ठाऊक आहे. मी विचारलं, मग मशिनं बदलायला लागतील? शेठ हसले. मशीन तेच राहील म्हणाले, त्यावर व्हॉल्व्ह गाइड काढा नाहीतर मोटरचा शाफ्ट काढा. बदलायला लागते ती ऑर्डर. नव्या पार्टीचं अप्रूव्हल मिळवायला महिने जातात, सॅम्पल फुकट द्यावे लागतात, तपासणीची साधनं घ्यावी लागतात, आणि तेवढा वेळ पगार आणि हप्ते चालूच असतात. म्हणजे त्यांच्या लेखी अडचण कौशल्याची नाहीच, मधल्या काळाची आहे. दादांचंही तेच. ते मोटरचा शाफ्ट उद्या काढतील. उद्यापर्यंत शॉप टिकलं तर.

माहिती तंत्रज्ञानाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथल्या लोकांना स्वतःची बाजू मांडता येते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. फटका मुख्यतः मधल्या आणि वरच्या पातळीवरच्यांना होता. हिंजवडीत ज्यांनी घराचे हप्ते पंचेचाळिशीपर्यंत आखलेत त्यांच्या झोपा उडाल्या त्या यामुळे. इथेही वय तेच निघालं.

आता राज्याची तयारी पाहू. पायाशी आयटीआय आहेत. कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० सालची, अप्रेंटिस कायदा १९६१चा. महाराष्ट्रात सरकारी आयटीआयच चारशेवर आहेत, जवळपास प्रत्येक तालुक्यात एक. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन, कोपा. या इमारतींना आपण कमी लेखत आलो, ‘दहावीला कमी पडले म्हणून’ हे वाक्य मराठी घरांत कितीदा ऐकलंय. तरी राज्याच्या कारखानदारीचा कणा इथेच घडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ४०० सरकारी आयटीआय आणि १५० तांत्रिक विद्यालयांत अल्पकालीन अभ्यासक्रमांच्या अडीच हजार तुकड्या सुरू करण्याचा कार्यक्रम आला. त्यात सोलर, विजेवरची वाहनं, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा विषयांच्या ४०८ तुकड्या आहेत. आहे ती इमारत आणि आहे ते मशीन वापरायचं, हे मला ठिकठिकाणी नव्या पाट्या लावण्यापेक्षा केव्हाही बरं वाटतं.

पाट्यांची मात्र आपल्याला हौस आहे. पूर्वी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज होतं. कार्ड काढायचं, मुदतीत रिन्यू करायचं आणि पत्राची वाट पाहायची. आता त्याचं नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. वाट पाहणं ऑनलाइन झालं. लॉकडाऊनमध्ये परप्रांतीय मजूर गावी गेल्यावर जुलै २०२० मध्ये ‘महाजॉब्स’ पोर्टल निघालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ५११ ग्रामीण कौशल्य केंद्रांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. राज्याचं कौशल्य विद्यापीठ उभं राहिलं, त्याला रतन टाटांचं नाव मिळालं. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ साली करार झाला, परिचारिका, चालक, इलेक्ट्रिशियन यांना जर्मन शिकवून तिकडे धाडायचा. यातलं काही चालेल, काही फाइलीत राहील. सगळ्यांचा रोख मात्र एकाच वयाकडे आहे.

त्याच वर्षी आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तर वयाची रेषाच ३५ला ओढलेली आहे. बारावीला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार. आधी सहा महिन्यांसाठी, नंतर अकरापर्यंत. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ म्हटलं. मुलं सरकारी कार्यालयांत, शाळांत बसली, कामं करू लागली, आणि मुदत संपत आली तसे कायम करा म्हणून मोर्चे निघाले. त्यांचा तरी काय दोष? त्यांना प्रशिक्षण मिळालं नव्हतं, नोकरीची चव मिळाली होती. खासगीत याची दुसरी आवृत्ती चाकण-रांजणगावला सगळ्यांना ठाऊक आहे. ‘नीम ट्रेनी’ म्हणून पोरं घ्यायची, लाइनवर उभी करायची, मुदत संपली की नवी बॅच. ‘नीम’ ही योजना पुढे बंद झाली, पद्धत शिल्लक आहे. गिरणीच्या गेटवर रोज सकाळी आत घेतील का म्हणून उभा राहणारा बदली कामगार आता गळ्यात आयडी घालून उभा असतो, एवढाच फरक.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ सालची. २०१६ मध्ये नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने तेव्हाच बजावलं होतं, की आकड्यांच्या मागे धावाल तर उद्योगाला हवं ते मिळणार नाही. महालेखापालांच्या डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात निघालं, की नव्वद टक्क्यांहून अधिक प्रशिक्षणार्थींच्या नोंदीत बँक खात्याचा रकाना कोरा होता किंवा शून्यांनी भरलेला होता. आर्थिक पाहणीतला (२०२३-२४) आकडा याच्या शेजारी ठेवावा. देशातल्या १५ ते २९ वयाच्या तरुणांत रीतसर व्यवसाय प्रशिक्षण घेतलेले ४.४ टक्के. विशीसाठी उभारलेल्या व्यवस्थेची विशीतली ही कामगिरी, तिथे चाळिशीची काय कथा!

चाळिशीसाठी दोन गोष्टी कायद्याने आहेत. राज्य कामगार विमा योजनेत २०१८ पासून ‘अटल बीमित व्यक्ती’ या नावाने बेकारी भत्ता आहे. २०२० पासून तो सरासरी पगाराच्या निम्मा, ९० दिवसांपर्यंत मिळतो. पण महिना २१ हजारांच्या आतल्या आणि विमा कापला जाणाऱ्या कामगारालाच. दुसरी गोष्ट नवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगार पुनर्कौशल्य निधी आहे. मालकाने कपात केली की नुकसानभरपाईखेरीज दर कामगारामागे शेवटच्या पगाराचे १५ दिवस या निधीत भरायचे, आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचे. महिना १८ हजार असेल तर ९ हजार रुपये. एवढ्यात नवा धंदा शिकायचा. आयटीआयचा वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे, टर्नरचा दोन. तेही कपात कायद्याच्या व्याख्येत बसली तर. मुदतीची नेमणूक संपली तर ती कपात धरत नाहीत. ठेकेदार बदलला तर कुणी कुणाला काढलेलंच नसतं. ऊसतोडीच्या फडात तर हा शब्दही पोचलेला नाही.

रोजगार हमीतही १५ दिवस होते. तिथे ते सरकारवर बंधन होतं, इथे कामगाराच्या हातावर टेकवलेलं पाकीट आहे.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न कुणी विचारला तर व्यवसाय कराकडे बोट दाखवावं. तो अजून कापला जातोच आहे. सिंगापूरमध्ये २०१६ पासून पंचविशीपुढच्या प्रत्येक नागरिकाच्या नावे शिकण्यासाठी पैसे ठेवतात, चाळिशीनंतर त्यात २०२४ पासून आणखी चार हजार डॉलरची भर घालतात, आणि पूर्णवेळ शिकणाऱ्या मधल्या वयाच्या माणसाला कमाल मर्यादेत निम्म्या पगाराइतका भत्ता आयुष्यात २४ महिन्यांपर्यंत देतात. श्रीमंत शहर आहे, आपल्या पुणे जिल्ह्याहूनही माणसं कमी, त्याची नक्कल करा असं कुणी म्हणणार नाही. पण शिकण्याची फी आणि शिकतानाचं पोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडे फी माफ होते. पोटाचं काय, ते ज्याचं त्याने पाहायचं.

शिकवायचं काय, याचं एक उत्तर मात्र आपल्याच मातीत सापडतं. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या खेड्यातल्या पोरांना तिथे एकच ट्रेड न शिकवता वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, माती-पाणी तपासणं, शेती-पशुपालन, खाद्यपदार्थ असं सगळं हाताने करायला लावतात, आणि गावातली खरी कामं पैसे घेऊन करून घेतात. बाहेर पडलेला पोरगा कशाचाच तज्ज्ञ नसतो, पण कशालाच बिचकत नाही. एक कसब गेलं तर दुसऱ्याला हात घालायची सवय त्याला असते. साचेवाल्याला हीच सवय कुणी लावली नव्हती. माझ्या मते पन्नास नव्या ‘फ्युचर’ कोर्सेसपेक्षा ही रीत मोलाची आहे, आणि ती ४४ वर्षांच्या माणसालाही लागू पडते. वायरिंग येणारा टर्नर उपाशी राहणं कठीण.

दादांनी मागच्या जूनमध्ये हे स्वतःच ताडलं. शॉपमध्ये ओव्हरटाइम बंद झाला होता. सोलर बसवायचं काम शिकावं म्हणून सुट्टीच्या दिवशी ते जवळच्या एका आयटीआयच्या खिडकीवर गेले, मी बरोबर होतो. खिडकीतली बाई चांगली होती. “वयाची अट नाही दादा, कितीही चालतं,” तिने पहिल्यांदा सांगितलं. दादा खूश झाले. मग वेळ विचारली. सकाळी आठ ते दुपार, रोज, आणि हजेरी ८० टक्के भरायलाच हवी.

“संध्याकाळी नाही का काही?”

“संध्याकाळी वर्कशॉपला कुलूप असतं.”

दादांनी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. त्यांची पाळी सकाळी सातची.

“मग आधी काम सुटू दे,” ते म्हणाले, “मग येतो.”